पेट्रोलचा वास आणि माझं नाक

माझ्या गाडीला पेट्रोलचा वास येतोय, असं पहिल्यांदा म्हणाली ती माझी सून, दिव्या. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण वास येतच नव्हता. मी स्वतः गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या, छाती भरून श्वास घेतला. काय न्हाय. पेट्रोलचा न्हाय, सीटच्या कापडाचा न्हाय, कसलाच वास न्हाय.

"तुला सर्दी झाली असंल," मी म्हणालो.

"आप्पा, सर्दी झाल्यावर वास जातो. येत न्हाय," ती म्हणाली.

लई हुशार पोरगी. तिची हुशारीच मला नडते.

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे तुम्हाला कळंल मी का चिडलो. मी महावीर मगदूम, निपाणीचा. वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली आणि सगळी नाकाच्या जोरावर काढली. डोळ्याला पट्टी बांधा, पान नाकाशी धरा, मी सांगणार. ही बोरगावच्या मळ्यातली, ही चिकोडीकडची, हिला काढणीच्या वेळी पाऊस लागलाय, ही पोत्यात दमट राहून उबलीय. बाहेरगावचे व्यापारी बोटातल्या अंगठ्या फिरवत बसायचे, मी मान हलवली की मग बोलायला लागायचे. अजूनबी दर सोमवारी वखारीतनं बोलावणं येतं. "अण्णा, एक डाव वास घेऊन जावा." मी जातो. स्वतःची गाडी स्वतः चालवत जातो.

आणि माझ्या जाकिटाच्या उजव्या खिशात कायम वानगी असते. वानगी म्हणजे नमुन्याची तंबाखू, मूठभर. वखारीत लागलो त्या वर्षापासनंची सवय. सकाळी उठलो की चिमूटभर तळव्यावर चोळायची आणि नाकाशी न्यायची. झणझण झालं, डोळ्यात पाणी आलं, की समजायचं नाक शाबूत हाय. कोरोनात दोन आठवडे वास गेलता, पर पुन्हा झणझणायला लागलं. आलं की नाक परत.

तर असल्या नाकाच्या माणसाला सांगायचं, की तुझ्या गाडीला वास येतोय आणि तुला कळत न्हाय. राग येणार का न्हाय?

यात डाव हाय हे मी लगेच ओळखलं. माझा पोरगा वीरेंद्र वर्षभर माझ्या चावीवर टपलाय. होळीच्या टायमाला फाटकाच्या खांबाला गाडी जरा घासली, तर त्यानं भावकीत सगळ्यांना फोन करून सांगितलं. फाटकच अरुंद हाय, ते न्हाय सांगितलं. "आप्पा, आता तुमी मागं बसा, मी सोडतो की," हे रोजचं सुरू झालं. मी ऐकत न्हाय म्हटल्यावर वासाचं काढलं.

मग बोरगावला जाताना पाच वर्षांची नात मागच्या सीटवर ओकली. मी म्हटलं, सकाळी शिरा जास्त खाल्ला. तर माझी बायको कमला, पन्नास वर्षं माझ्याबरोबर नांदलेली बाई, पदर नाकाला लावून म्हणते, "अहो, ओकंल न्हाय तर काय करंल, पंपावर बसल्यागत वाटतंय गाडीत." मी आरशातनं तिच्याकडं बघितलं. म्हटलं, ही बी त्यांच्यात सामील. कवा फोडली हिला, कळलंच न्हाय.

खोटं कशाला सांगू, मी दिव्यावर पाळत ठेवली. गाडी अंगणात लावली आणि माडीच्या खिडकीच्या पडद्यामागं उभा राहिलो. कुणी बघत नसताना गाडीजवळनं गेली तर नाक धरते का, ते बघायचं होतं. दिव्या कपडे वाळत घालायला आली. गाडीपाशी आली, तोंड वाकडं केलं, नाकावर हात धरला आणि पलीकडनं गेली. मी विचार केला, हिनं मला पडद्यामागं बघितलं असणार. न्हायतर एवढं नाटक कुणासाठी?

त्या दिवशी दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो तवा वीरेंद्रनं पुन्हा विषय काढला. मी ताटावर हात आपटला. "हे बघ रं, एखाद्या मेस्त्रीनं माझ्या या नाकाला वास पटवून दिला, की चावी तुझी. त्या दिवसापासनं स्टेअरिंगला हात लावणार न्हाय. पर तोवर गाडीचं नाव काढायचं न्हाय."

"शब्द?" वीरेंद्र म्हणाला.

"मगदुमाचा शब्द."

बोलून गेलो, आणि रात्रभर तळमळलो. चावी म्हणजे काय, हे त्या पोराला कळत न्हाय. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला, सोमवारी वखारीत, महिन्यातनं एकदा लेकीकडं इचलकरंजीला, वाटलं तर बोरगावच्या मळ्यावर. कुणाला इचारायचं न्हाय, कुणाची वाट बघायची न्हाय. चावी गेली की मी कट्ट्यावरचा म्हातारा. कुणी नेलं तर जायचं, कुणी आणलं तर यायचं. आमच्या गल्लीत असे चौघं बसलेले असतात, रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत. मला त्यांच्यातला पाचवा व्हायचं नव्हतं.

निपाणीतल्या मेस्त्रीकडं जायची सोयच नव्हती. गुंडू मेस्त्री वीरेंद्रच्या वर्गातला. त्यानं मागच्या चाकापाशी वाकून हुंगल्यासारखं केलं आणि "अण्णा, वास हाय," म्हणाला. म्हणताना बघितलं मात्र वीरेंद्रकडं. मला काय कळत न्हाय व्हय? मग मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या वकिलाला फोन केला. त्यानं बेळगावातल्या उद्यमबागेत एक गॅरेज सांगितलं. पोरगा शिकलेला हाय, उगंच पार्ट बदलत न्हाय, म्हणाला. मी ठरवलं, जायचं. घरात सांगितलं, वकिलाकडं काम हाय.

निघताना टाकी भरली. आता हे टाकी भरणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं न्हाय. आमचं निपाणी कर्नाटकात, कोगनोळीच्या पलीकडं महाराष्ट्र लागला की पेट्रोल महाग. म्हणून तिकडच्या गाड्या इकडं येऊन भरतात, आणि आमी इकडनं तिकडं जाताना असं भरतो की परत येईपर्यंत तिथला एक थेंब घ्यायला लागू नये. पंपाची नळी टाकी भरली की खट् करून आपोआप थांबते. तिथं थांबतो तो परगावचा. आमी गाडी हलवतो. पंपावरची दोघं डिकीला हात लावून गाडी गदागदा हलवतात, आत अडकलेली हवा बुडबुड करत वर येते, आणि अजून दोन-अडीच लिटर मावतं. पुन्हा खट्, पुन्हा हलवायची. टाकीच्या तोंडात पेट्रोल डोळ्यानं दिसलं पायजे. दिसलं न्हाय तर भरलं कुठं? बेळगाव काय महाराष्ट्रात न्हाय, पर सवय ती सवय. पंपावरचा माणूस मला बघितल्यावर इचारतबी न्हाय, सरळ डिकीकडं जातो.

उद्यमबागेत पोचेपर्यंत ऊन चढलेलं. फाउंड्रीच्या लायनीत मागच्या बाजूला गॅरेज, त्याच्याच मागं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, हत्यारं ओळीनं टांगलेली, जमीन झाडून काढलेली. मालक तिशीतला, निळा डगला घातलेला. नाव अमरदीप. पलीकडं सावलीत एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसलेली.

"नाव काय घालू, अण्णा?" त्यानं वही काढली.

"महावीर मगदूम. निपाणी."

त्याचं पेन थांबलं. "तंबाखूचे मगदूम?"

"व्हय. का?"

"न्हाय, इचारलं," तो म्हणाला आणि लिहायला लागला. पर मी बघितलं की, तो जरा जास्तच वेळ माझ्याकडं बघत होता. म्हटलं, महावीरा, इथंबी काय तरी हाय. वीरेंद्रचा हात इथवर पोचला का काय?

"वास कवा येतो?" त्यानं इचारलं. "गाडी उभी असताना का चालल्यावर? टाकी भरल्यावर जास्त येतो का?"

"वास येतच न्हाय. घरातले म्हणतात येतो."

"मग मी काय शोधू?"

"वास न्हाय, ते शोध. आणि कागदावर लिहून सही कर."

तो हसला न्हाय, हे एक बरं केलं. "लिहून देतो की, अण्णा. पर मला इथं उभ्या उभ्याच वास येतोय."

"तुला कुणाचा फोन आलता का रं?"

"कुणाचा?"

तोंड तर असं केलं, जसं काय माहीतच न्हाय. मी म्हटलं, कर तुला काय करायचं ते, मी इथंच खुर्ची टाकून बसणार.

त्याची काम करायची तऱ्हा मी कुठं बघितलेली न्हाय. "ऑइल गळलं तर डाग पडतो," तो म्हणाला. "पेट्रोल उडून जातं, डाग ठेवत न्हाय. डोळ्याला दिसत न्हाय म्हणून मेस्त्री अंदाजानं पार्ट बदलत सुटतात. मी तसं करत न्हाय." त्यानं जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या काढल्या. एक इंजिनजवळच्या नळीला बांधली, एक गाडीच्या पोटाखालच्या नळीला, एक टाकी भरायच्या तोंडाच्या रबराला, एक मागच्या चाकाच्या वर आत कुठं तरी. गाडी उन्हात अर्धा तास तशीच उभी केली. मग चिंध्या सोडल्या, प्रत्येकीला श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात घालून झाकण लावलं, आणि डबे माझ्यापुढं बाकावर मांडले. पाच डबे. प्रत्येकावर खडूनं आकडा.

"आता तुमी सांगा, कुठल्या डब्यात वास हाय," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या नाकाला पटल्याशिवाय मी काम धरत न्हाय."

मनातनं मी खूश झालो. म्हटलं, पोरा, कुणाच्या नाकाची परीक्षा घेतोस? पन्नास वर्षं हेच केलंय. खिशातली चिमूट काढली, तळव्यावर चोळली, नाकाशी नेली. झणझण. डोळ्यात पाणी. मग पहिला डबा उघडला.

काय न्हाय.

दुसरा उघडला. काय न्हाय. तिसरा, चौथा, पाचवा. पुन्हा पहिल्यापासनं. नाक डब्यात बुडवून श्वास ओढला. नुसती हवा. मला वाटलं पाचही चिंध्या कोऱ्या असतील, मला खेळवतोय. मग वाटलं, नसतील तर? भ्यालो मी. एवढं आयुष्यात कवा भ्यालो नव्हतो.

आता खरं सांगायचं ते सांगतो. अशा वेळी मी काय करतो, तर पुढच्या माणसाच्या तोंडाकडं बघतो. वखारीतबी हल्ली दोन-तीन वर्षं मी तेच करत आलतो. पान नाकाशी धरायचं आणि शेतकऱ्याचे डोळे बघायचे. माल उबलेला असला की शेतकरी पापणी हलवत न्हाय, एकटक बघत राहतो. मग मी म्हणायचो, "उबलीय ही." लोक म्हणायचे, काय नाक हाय! हे मी स्वतःलाबी कवा सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अमरदीपचे डोळे एका डब्यावर जरा जास्त थांबल्यासारखे वाटले.

"तीन नंबर," मी ठणकावून सांगितलं.

अमरदीप हळूच म्हणाला, "अण्णा, तीन नंबरची चिंधी मी गाडीला बांधलीच नव्हती. ती कोरी हाय. दर खेपेला एक कोरी ठेवतो."

"चौथा डबा," सावलीतनं म्हातारी म्हणाली. सुपातनं मान वर न काढता. "झाकण काढल्या काढल्या इथवर आला की वास."

"आज्जी, गप गं," अमरदीप म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "माझी आज्जी. गंगव्वा. तुमच्या वखारीत होती."

गंगव्वा. नाव ऐकलं आणि वखारीचं दार डोळ्यापुढं आलं.

पस्तीस वर्षं झाली असतील. संध्याकाळी वखारीतनं बायका सुटायच्या. दिवसभर तंबाखू चाळून, निवडून सुटायच्या. दुसऱ्या वखारीत, कुणी तंबाखू चोरून नेते का म्हणून, दारात त्यांची अंगाला हात लावून झडती व्हायची. आमच्या वखारीत मी ते बंद केलतं. मी नुसता दारात उभा राहायचो, एकेक बाई पुढनं जायची, आणि वास जास्त आला की म्हणायचो, "तू थांब." लोक म्हणायचे, मगदूम भला माणूस, बाईच्या अंगाला हात लावत न्हाय. मलाबी तसंच वाटायचं. एका संध्याकाळी मी गंगव्वाला थांबवलं. तिनं ओटी सोडून दाखवली, पदर झटकून दाखवला. काय निघालं न्हाय. मी म्हटलं, मला बघून वाटेत टाकलं असशील. माझं नाक खोटं बोलत न्हाय. उद्यापासनं यायचं न्हाय. मागं पंचवीसभर बायका उभ्या होत्या, कुणी हूं की चूं केलं न्हाय.

आता तीच म्हातारी आणि तिचाच नातू. माझं डोकं फिरलं. मी खुर्ची मागं ढकलून उठलो. "म्हणजे हे सगळं ठरवून केलंस व्हय रं? आज्जीचा सूड घेतोस? डब्यात काय घातलंस, बोल!"

"अण्णा, तुमी आपल्या पायानं आलासा," तो म्हणाला. आवाज चढवला न्हाय. "मी निपाणीला बोलवायला आलो नव्हतो. या, डोळ्यानं बघा. नाकाचं राहू दे."

चौथ्या डब्यातली चिंधी जिथं बांधली होती, तिथलं मागचं चाक त्यानं काढलं. आत वरच्या बाजूला एक काळा डबा, दोन्ही हातात मावंल एवढा. त्याची नळी सोडून त्यानं डबा उलटा केला. माझा हात धरून तळवा खाली धरला. पाण्यासारखं काय तरी माझ्या तळव्यावर सांडलं. गार लागलं आणि बघता बघता उडून गेलं. पेट्रोलच की ते. एवढं तर मलाबी कळतं. मी तळवा नाकाशी नेला. गारवा कळला, वास न्हाय. तंबाखूचंबी तेच असणार, झणझण कळत होती, वास न्हाय.

"ह्या डब्यात कोळसा असतो," अमरदीप म्हणाला. "टाकीत पेट्रोलची वाफ होते, ती हा कोळसा पितो, म्हणून वास बाहेर येत न्हाय. इथं नुसती वाफ यायची असते. तुमच्या डब्यात पेट्रोलच भरलंय. कोळसा पार भिजून गेलाय. उन्हात गाडी उभी राहिली की हे सगळं बाहेर टाकतोय." मग त्यानं इचारलं, "अण्णा, पेट्रोल गाडी हलवून भरता का?"

मी टाकीच्या तोंडाकडं बघितलं.

"निपाणी, कागल, कोगनोळी. तिकडच्या गाड्या मी ह्या एका रोगावरनं ओळखतो. महिन्याला दोन-तीन येतात. पहिल्या खट् आवाजाला थांबायचं असतं. वर जी जागा राहते, ती वाफेसाठी ठेवलेली असते. तिथं पेट्रोल कोंबलं की ते ह्या डब्यात येतं. गाडीचा काय दोष न्हाय."

"धोका होता?"

"ह्या चाकाच्या वर कोण बसतं?"

नात बसते. उजव्या हाताला, खिडकीपाशी, तिची ठरलेली जागा हाय ती. मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलोच न्हाय. दिव्या खरं बोलत होती. कमला खरं बोलत होती. गुंडूबी खरं बोलत होता. सगळ्या जगात खोटं बोलत होतं ते एक माझं नाक, आणि मी त्याच्यावर सोडून बाकी सगळ्यांवर संशय घेत फिरलो.

अमरदीपनं जास्तीचं पेट्रोल काढलं, नवीन डबा बसवला, रबराची पट्टी बदलली, चाक लावलं. मग गाडीत बसून काचा वर केल्या, पाच मिनिटांनी उतरला. "झालं. आता वास न्हाय. मगाशी म्हणालासा तसं लिहून देऊ?"

आणि त्यानं खरंच लिहून दिलं. गाडीला पेट्रोलचा वास नाही. खाली सही, तारीख. मी कागद घडी घालून खिशात ठेवला. तुम्हाला सांगतो, तवा माझ्या मनात काय आलं. हा कागद वीरेंद्रपुढं टाकायचा. वास नव्हताच, घे वाच. त्या घडीला कागदातलं एकेक अक्षर खरं होतं. माझ्या नाकाला कुणी पटवून दिलंय, असंबी झालं नव्हतं, कारण नाकाला आता काय पटायचंच राहिलं नव्हतं. शब्दबी मोडला नसता. चावी माझ्याकडंच राहिली असती.

निघायला उठलो. म्हातारीच्या पुढनं जायला लागणार होतं, दुसरी वाटच नव्हती. ती तांदळातले खडे काढून जमिनीवर टाकत होती. मी थांबलो.

"गंगव्वा, माझं नाक गेलंय," मी म्हणालो. तोंडानं पहिल्यांदा म्हणालो. घरात न्हाय, वखारीत न्हाय, पहिल्यांदा म्हणालो ते तिच्यापुढं. "त्या दिवशीबी चुकलं असंल ते."

तिनं सूप मांडीवरनं खाली ठेवलं. "न्हाय अण्णा. त्या दिवशी तुमचं नाक बरोबर होतं. वास येत होता."

एवढं झालं तरी माझा स्वभाव बघा. मनात लगेच आलं, बघ, म्हटलं नव्हतं? घेतलतीच तिनं!

"तुमच्या खिशाचा येत होता," ती म्हणाली. "त्या दिवशी दोन्ही खिसं भरून तुमी दारात उभं होतासा. नव्या मालाची वानगी. असा घमघमाट सुटलेला. आमी सगळ्या बायका मागं तेच बोलत होतो. पर तुमच्या खिशात हात कोण घालणार?"

माझा हात आपोआप जाकिटाच्या खिशाकडं गेला. आत वानगी होती, नेहमीसारखी मूठभर. बोटाला लागली.

लई वाईट वाटलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

"मला सांगून काय उपयोग, अण्णा? मी घेतली न्हाय, हे मला ठावं होतंच की." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाबी नव्हती. "दारात ज्या बायका होत्या, त्यांना सांगायचं होतं. त्यातल्या गेल्या बऱ्याच. जयाबाई हाय अजून, निपाणीत, जुन्या वखारीमागच्या गल्लीत. माझी सख्खी मैत्रीण. दिवाळीला भेटलो की अजून इचारती. म्हणती, गंगे, आता म्हाताऱ्या झालो, आता तरी खरं सांग. घेतलतीस का गं?"

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी गाडीत जाऊन बसलो. चावी लावली आणि तशीच काढली. वीरेंद्रला फोन केला. "बसनं बेळगावला ये. उद्यमबागेत. गाडी तू चालवायची हाय."

"आप्पा, काय झालं? लागलं-बिगलं न्हाय ना?"

"न्हाय. ये तू."

दोन तासांनी आला, धापा टाकत. मी चावी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अमरदीपकडं. "मेस्त्रीनं पटवलं व्हय?"

"व्हय," मी म्हणालो, आणि डावीकडच्या सीटवर बसलो. गाडी घेतल्यापासनं बारा वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो.

रस्त्यात एकदाच म्हणालो, सोमवारी वखारीत कळव, मगदूम यायचे न्हाईत, नाक चालत न्हाय. त्यानं गाडी जरा हळू केली. निपाणीत शिरलो आणि तो घराकडं वळायला लागला.

"घराकडं नको. जुन्या वखारीमागं घे. जयाबाई म्हणून एक बाई राहते, तिच्याकडं जायचंय."

"आत्ता? कोण जयाबाई? काय काम हाय, आप्पा?"

"वखारीच्या दारात वास कुणाचा येत होता, ते तिला सांगायचंय."

त्याला काय कळलं न्हाय. पर त्यानं गाडी वळवली. मी खिशातली वानगी तशीच राहू दिली. नुसतं तोंडानं सांगितलं तर जयाबाईला पटायचं न्हाय, तिला वास द्यायला लागणार होता.